लेहरा कोण धरणार?

संगीतात स्वराला जितका मान मिळतो तितका लयीला मिळत नाही, असे मला नेहमी वाटते. गाणाऱ्याचा एखादा स्वर जरासा उतरला की शेवटच्या रांगेतला रसिकही नाक मुरडतो. पण लय ढळली तर 'काहीतरी बिघडले' एवढेच आपल्याला जाणवते. नेमके काय बिघडले, ते सांगता येत नाही. म्हणूनच की काय, गेल्या काही वर्षांत आपल्याकडील मंचावरचा लयीचा कारभार हळूहळू एका नव्या कारभाऱ्याच्या हाती गेला आणि त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. या कारभाऱ्याचे नाव 'लूप'!

की-बोर्डवरचे बटण दाबले की ढोलकीचा ठेका गरगर फिरू लागतो. पायाखालचे पेडल दाबून दोन-चार ओळी वाजवल्या की त्या तेथल्या तेथे मुद्रित होतात आणि पुन्हा पुन्हा ऐकू येतात. मोबाइलमध्ये तर हव्या त्या तालाचा, हव्या त्या पट्टीचा लेहरा तयारच असतो. या फिरत्या आवर्तनाबरोबर हाताने वाजणाऱ्या वाद्यांनी एका लयीत कसे राहावे, हा प्रश्न आज भजनी मंडळाला पडतो, ऑर्केस्ट्राला पडतो आणि स्नेहसंमेलनात गाणाऱ्या आपल्या मित्र-मैत्रिणींनाही पडतो. वरवर पाहता तो यंत्राचा प्रश्न दिसतो. पण थोडे खोलात शिरले की ध्यानात येते, येथे खरा प्रश्न आहे तो कोणी कोणाचे ऐकायचे हा.

वस्तुतः लूप ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. आपला ताल म्हणजेच आवर्तन. त्रितालाच्या सोळा मात्रा संपल्या की पुन्हा सम, पुन्हा तीच वाट. स्वतंत्र तबलावादन चालू असते तेव्हा बाजूला बसलेला पेटीवाला किंवा सारंगीवाला सोळा मात्रांची एकच एक सुरावट अर्धा-अर्धा तास वाजवत असतो. यालाच लेहरा किंवा नगमा म्हणतात. चंद्रकंसातला एखादा लेहरा आपण अनेकदा ऐकलेला असतो. ऐकणाऱ्याला वाटते, हा बिचारा तेच तेच वाजवून कंटाळत कसा नाही? पण तबलजीची सगळी इमारत त्या एका सुरावटीवर उभी असते. पेशकार असो, कायदा असो, रेला असो, की तीनदा घेऊन समेवर आणून सोडलेली तिहाई असो. आपण आवर्तनात नेमके कोठे आहोत, हे तबलजीला आणि श्रोत्यांनाही त्या लेहऱ्यावरूनच कळते. हिशेबाला भिंत हवी, ती भिंत लेहरा पुरवतो.

आता या लेहरेवाल्याचे काम नीट पाहू. त्याची पहिली जबाबदारी ठाम राहण्याची. तबलजीने आड लय घेतली, मात्रा तोडून बोल मांडले, श्रोते चक्रावले, तरी याने आपली वाट सोडायची नाही. दुसरी जबाबदारी कान आणि डोळे उघडे ठेवण्याची. पेशकार संपवून तबलजीला लय चढवायची आहे, हे त्याच्या नुसत्या नजरेवरून ओळखायचे आणि पुढच्या समेपासून ती चढवून द्यायची. म्हणजे भिंत तर व्हायचे, पण ऐकणारी भिंत! आप्पा जळगावकर किंवा तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या संवादिनीवादकांचे मोठेपण साथीमध्येही का मोजले गेले, ते येथे कळते. यंत्र यातली पहिली जबाबदारी माणसाहून सरस पार पाडते. दुसरी त्याला ठाऊकच नसते.

मग प्रत्यक्षात बिघडते कसे? यासाठी थोडे अंकगणित करू. शाळेच्या गणितापलीकडचे त्यात काही नाही. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि त्रितालाचे एक आवर्तन बरोबर आठ सेकंदांचे. समजा, वादकाने पेडलवर शेवटचा पाय एक दशांश सेकंद आधी दिला. लूप आता आठ सेकंदांऐवजी सात पूर्णांक नऊ दशांश सेकंदांचा झाला. हे अंतर डोळ्याची पापणी लवण्याइतके. पहिल्या फेरीत कोणाला कळणारही नाही. पण यंत्र ती चूक इमानाने दर फेरीत पुन्हा करते. पाच आवर्तनांत अर्धा सेकंद गेला, म्हणजे एक अख्खी मात्रा गेली. माणूस सोळाव्या मात्रेवर असतो तेव्हा लूप समेवर येऊन बसलेला असतो, आणि हे सारे चाळीस सेकंदांच्या आत! माणूस कान देऊन वाजवत असेल तर तो सांभाळून घेईल, हे खरे. पण मग आवर्तनाच्या सांध्यावर दर वेळी एक ठेच लागते. गाडीच्या चाकात खडा अडकल्यासारखी ती सर्वांना जाणवत राहते.

दुसरे कारण अंतराचे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंडपाच्या टोकाला ३४ मीटरवर लावलेल्या कर्ण्यातला ठेका मंचावरच्या माणसाच्या कानी एक दशांश सेकंद उशिरा पडतो. लय जलद, मिनिटाला २४० मात्रांची असेल, तर एका मात्रेचा जवळजवळ निम्मा भाग एवढ्यात निघून जातो. लांबलचक दिंडीत पुढचे टाळ आणि मागचे टाळ वेगवेगळे का ऐकू येतात, त्याचे उत्तरही हेच. त्यात मोबाइलचा आवाज बिनतारी मार्गाने, ब्लूटूथवरून स्पीकरवर घेतला की आणखी विलंब. तेव्हा मंचावर लय सुटली की लगेच वादकाला दोष देण्यापूर्वी त्याला काय ऐकू येत होते आणि किती उशिरा ऐकू येत होते, हे विचारणे न्यायाचे ठरेल.

मित्रहो, हे सारे सांगण्याचे कारण आपल्या भागाशी निगडित आहे. आपला विदर्भ हा खंजिरीचा प्रदेश. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) हातातल्या खंजिरीवर गावेच्या गावे जागी केली. मोझरीचा त्यांचा गुरुकुंज आश्रम १९३५ सालचा. १९५५ साली ते विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. खंजिरीच्या भजनाची घडण ज्याने ऐकली आहे त्याला ठाऊक आहे की तेथे लय ही एका जागी बसणारी वस्तू नाही. भजन सावकाश सुरू होते. शब्द लोकांच्या मनात उतरू लागतात तशी चाल उचलली जाते. आणि शेवटी दुगुनीत टाळ्यांचा कल्लोळ होतो. ही लय किती आणि केव्हा वाढवायची, हे खंजिरीवाला समोर बसलेल्या माणसांकडे पाहून ठरवतो. गर्दी थकलेली असेल तर तो थांबतो. रंगलेली असेल तर दौडतो. सभेचा श्वास त्याच्या बोटांत असतो, म्हणा ना!

हीच गोष्ट आपल्या तालुक्यातल्या कोलाम पोडांवर आणि गोंड वस्त्यांवर दिसते. ढेमशाचा फेर धरला जातो तेव्हा ढोल वाजवणारे नाचणाऱ्यांच्या पावलांकडे पाहत असतात, आणि नाचणारे ढोलाचे ऐकत असतात. कोण कोणाच्या मागे जात आहे, हे तिऱ्हाइताला सांगता येऊ नये, असा तो व्यवहार आहे. आता काही ठिकाणी त्याच ढोलाचे मुद्रण मोठ्या स्पीकरवर लावून फेर धरतात. नाच होतो, गर्दीही होते. पण पावले ढोलाचे ऐकतात. ढोल पावलांचे ऐकत नाही. संवादाचे भाषण झाले, असे मी याला म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका गावी भजनांची स्पर्धा होती. एका मंडळाबरोबर मी पेटीच्या साथीला बसलो होतो. मंडळाने नव्या हौसेने की-बोर्ड आणला होता आणि ढोलकीचा ठेका त्यावर चालू ठेवला होता. खंजिरीवर सत्तरीचे एक बाबाजी होते. पहिली दोन कडवी बरी गेली. शेवटच्या कडव्याला बाबाजींनी रीतीप्रमाणे चाल उचलली; टाळकरी त्यांच्या मागे गेले; ठेका मात्र जागचा हलेना. अर्धे आवर्तन दोन लयी एकमेकींना ढुसण्या देत राहिल्या. की-बोर्डवाल्याला ठेका बंद करण्याचे सुचले नाही. बाबाजींनी खंजिरी मांडीवर ठेवली आणि नुसत्या टाळ्या देत भजन संपवले. परीक्षकांनी शेरा दिला, 'ताल कच्चा.' परत येताना मी त्यांना विचारले, तुम्ही थांबलात का? ते म्हणाले, "त्याले मायं आयकू येत नाई ना बाप्पा, मंग वाजवू कोनासाठी?"

बाबाजींचा ताल कच्चा नव्हता. पन्नास वर्षे त्यांनी तो हात राखला आहे. त्या दिवशी मंचावर दोन मालक होते आणि त्यांतला एक बहिरा होता, एवढेच घडले. पण शेरा बसला तो माणसावर. मला या प्रश्नातली सर्वांत गंभीर बाब वाटते ती हीच. यंत्र आणि माणूस यांचे जुळले नाही की आपण नकळत यंत्राला प्रमाण मानतो आणि माणसाला चूक ठरवतो. यंत्र हलले नाही, हा त्याचा गुण ठरतो. माणूस हलला, हा त्याचा दोष!

वास्तविक यंत्रेसुद्धा आपोआप एकमेकांबरोबर चालत नाहीत. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने १९६५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे एकाच ध्वनिफितीचे दोन तुकडे गोल जोडून दोन यंत्रांवर एकदम सुरू केले. दोन्ही यंत्रे सारखीच. तरीही थोड्या वेळाने एक पुढे गेले, एक मागे पडले. राइश यांनी त्या घसरण्यातूनच आपली नवी रचना उभी केली, तो भाग निराळा. पुढे १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्ययंत्रांनी एकमेकांशी बोलावे म्हणून 'मिडी' नावाचा करार अमलात आला. त्यात एक यंत्र म्होरक्या होते आणि मात्रेमात्रेला चोवीस टिचक्या देत राहते. बाकीची यंत्रे त्या टिचक्यांवर चालतात. म्हणजे यंत्रांच्या जगातही 'लेहरा कोण धरणार' हे आधी ठरवावेच लागले! आपण मात्र मंचावर चढताना हे ठरवत नाही.

यंत्राशी मैत्री करून उत्तम काम झाल्याचे उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यावेळी नवीन असलेली ठेक्याची आणि खर्जाची दोन जपानी यंत्रे त्यांनी एकमेकांना जोडली आणि त्या अढळ चक्रावर दहा राग की-बोर्डने वाजवले. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. सुमारे पंचवीस-तीस वर्षांनी जगभरच्या रसिकांनी ती शोधून काढली. त्यांनी काय केले? यंत्राची लय हलणार नाही हे आधीच ओळखले, आणि अढळ लयीवर शोभेल असेच संगीत त्यावर मांडले. खंजिरीचे भजन त्यावर बसवण्याचा हट्ट धरला नाही. हा विवेक आपण शिकण्यासारखा आहे.

म्हणून यंत्रावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. बंदीचा एक प्रयोग या देशात होऊन गेला आहे. पेटीचे स्वर आपल्या संगीताला पोषक नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दारे बंद केली. ती १९७१ साली काहीशी किलकिली झाली. तीन दशके पेटी रेडिओवर नव्हती, पण घराघरांतून आणि देवळादेवळांतून ती वाजतच राहिली. लोकांना ज्या वाद्याची गरज असते ते वाद्य हुकमाने जात नाही. लूपचेही तसेच आहे. खेड्यातल्या ज्या मुलाला तबला शिकायचा आहे त्याला रोज पहाटे लेहरा धरून कोण देणार? पूर्वी त्यासाठी मोठ्या शहरी, गुरूच्या घरी राहावे लागे. आज आपल्या पांढरकवड्यातला मुलगा मोबाइलवर लेहरा लावून तासभर कायदा घोटू शकतो. तो लेहरा थकत नाही, चिडत नाही, पैसे मागत नाही. रियाजासाठी यापरता चांगला सोबती नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

तरीही रियाज आणि मैफल यांत फरक आहे, आणि तो आपण विसरू लागलो आहोत. ठाम लयीवर हात तयार करायचा तो कशासाठी? पुढे माणसाबरोबर वाजवताना ती लय सांभाळता यावी, प्रसंगी वाकवताही यावी, यासाठी. बालगंधर्वांच्या नाटकात तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. 'वन्समोअर' आला की तीच ओळ पुन्हा, आणि दर वेळी नवा विस्तार. पद किती वेळ चालेल, हे पडदा वर जाताना कोणालाच ठाऊक नसे. आज आपल्या गॅदरिंगमध्ये तयार 'ट्रॅक'वर गाणारा विद्यार्थी 'वन्समोअर' आला तर काय करतो? सगळा ट्रॅक पहिल्यापासून लावतो किंवा नमस्कार करून निघून जातो. श्रोत्यांची दाद पोचायला वाटच उरलेली नाही.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून येत्या स्नेहसंमेलनापुरत्या काही सूचना मी गुरुजनांपुढे आणि मित्रांपुढे ठेवतो.

पहिली सूचना अशी की लयीचा लगाम तालवाद्य वाजवणाऱ्याच्या हाती असावा. लूपचे बटण असो की पेडल, ते तबलजीच्या किंवा ढोलकीवाल्याच्या आवाक्यात ठेवावे. गाण्याची लय आधी हाताने ठरू द्यावी; मग त्या लयीवर लूप तेथेच मुद्रित करावा, आणि पेडल दोन्ही वेळा बरोबर समेवरच दाबावे. दोन फेऱ्या ऐकून सांधा गुळगुळीत वाटला तरच पुढे जावे; नाही तर पुसून पुन्हा करावे.

दुसरी सूचना साउंडवाल्यासाठी. श्रोत्यांकडे तोंड केलेले कर्णे कितीही मोठे असले तरी एक लहान स्पीकर वादकांकडे तोंड करून, अगदी त्यांच्या गुडघ्यापाशी हवा, आणि तो तारेने जोडलेला हवा. याला फार खर्च येत नाही. खर्चापेक्षा आठवण कमी पडते.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्राचा ठेका आणि माणसाचा ठेका एकाच वेळी वाजवू नये. दोन्ही आघात थोडे मागेपुढे पडले की कान लगेच पकडतो. ठेका हाताचा असेल तर यंत्राने तंबोऱ्याचा षड्ज धरावा, फार तर संथ सुरावट धरावी. यंत्राचा ठेका असेल तर माणसाने त्यावर सूर छेडावेत. कामाची अशी वाटणी केली की निम्मी भांडणे मिटतात.

चौथी सूचना भजनी मंडळांसाठी. चाल उचलायची वेळ आली की लूप बंद! हे काम एका माणसाकडे आधीच सोपवावे. खंजिरीवाल्याने मान हलवली की त्याने समेवर बटण दाबावे आणि पुढचे भजन हातांवर सोडावे. केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात किंवा गणेशोत्सवात एखाद्या मंडळाने हे करून पाहावे. यंत्र थांबल्यावर टाळ-खंजिरी उसळून वर येते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

आणि पाचवी सूचना आपल्या महाविद्यालयासाठी. संमेलनात गाण्याला बक्षीस असते, नाचाला असते. क्वचित वादनालाही असते. साथीला मात्र नसते. एक बक्षीस लेहरा धरणाऱ्याला का असू नये? कोणाही तबलजीबरोबर दहा मिनिटे बसावे, सोळा मात्रांची एक सुरावट ठाम धरावी, त्याची खूण ओळखून लय चढवून द्यावी. ही परीक्षा दिसायला सोपी आणि द्यायला फार अवघड आहे. दोन जणांनी जरी नाव दिले तरी पुढच्या वर्षी गावात दोन लेहरेवाले असतील. पेटीवर बसणारी माणसे आपल्या परिसरात विरळ होत चालली आहेत. जी आहेत त्यांना मंडळे आता बोलावत नाहीत, कारण बटणाला बिदागी द्यावी लागत नाही. शिकवणारे हात आहेत तोवर शिकणारे हात पुढे आले नाहीत, तर मोबाइलमधला लेहरा तेवढा उरेल.

समानशील माणसांचा एक जमाव दुसऱ्याचे ऐकत ऐकत एका लयीत येतो, ही गोष्ट संगीताच्या बाहेरही दुर्मीळ होत चालली आहे. सगळ्यांनी एका ठरीव ठेक्यावर पावले टाकली की वरून एकी दिसते. पण त्यात कोणी कोणाकडे पाहिलेले नसते. निदान महाविद्यालयाच्या मंचावर तरी आपण एकमेकांकडे पाहून वाजवायला शिकू या. संमेलनाची तारीख लागली की सूचनाफलकाजवळ मी एक कागद लावणार आहे. लेहरा धरायला तयार असणाऱ्यांनी त्यावर आपले नाव लिहावे. ज्यांना पेटी येत नाही त्यांनी टाळ घेऊन यावे. पट्टी जमली नाही तरी चालेल, मात्रा मोजता आल्या म्हणजे झाले.